वागळे इस्टेटीतली पद्मिनी

ठाणे हे तळ्यांचे गाव. पाहुणे आले की आम्ही ठाणेकर त्यांना मासुंदा तलावाच्या काठाने फिरवून आणतो, कौपिनेश्वराचे दर्शन घडवतो, आणि १८५३ साली हिंदुस्थानातली पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदराहून इथेच आली होती, हे अशा थाटात सांगतो की जणू इंजिनात कोळसा आमच्याच पणजोबांनी टाकला होता! पण "चला, तुम्हाला वागळे इस्टेट दाखवतो," असे कोणी पाहुण्याला म्हटल्याचे मी आजवर ऐकलेले नाही.

आणि खरे सांगायचे तर तिथे दाखवण्यासारखे आहे तरी काय? तीन हात नाक्यावरून डोंगराच्या दिशेने निघावे, रायलादेवी तलाव मागे टाकावा, की कारखान्यांच्या रांगा सुरू होतात. रस्त्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. आणि सोळानंतर सतरा येईल या भरवशावर चालणारा नवखा माणूस सोळा ए आणि सोळा झेड यांच्यामध्ये कुठेतरी हमखास चकतो. पश्चिमेला येऊरचे डोंगर मात्र सुरेख दिसतात. पण तिकडे मान वर करून पाहायला इस्टेटीत कामाला येणाऱ्याला सवड कुठली?

मी पाहुणा नव्हे. मी या इस्टेटीच्या कुशीतच, श्रीनगरातल्या आमच्या बैठ्या घरात वाढलो. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी एक. त्यानंतरच्याच वर्षी आमचे अण्णा कोकणातून एक वळकटी आणि एक मायक्रोमीटर घेऊन इथे आले आणि एका लहानशा कारखान्यात टर्नर म्हणून लागले. तीस वर्षे ते एकाच लेथसमोर उभे राहिले. त्या लेथवर पंपांचे, मागांचे, मोटारींचे बुश कातले जात. बुश म्हणजे धातूची एक नळकांडी. दांडा तिच्यात फिरतो, आणि झिजायचे असेल तर दांड्याऐवजी ती झिजते. घरात अण्णांचे तेच होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

लहानपणी आम्हाला घड्याळ लागत नसे. सकाळचा भोंगा, दुपारचा भोंगा, आणि त्यांच्यामध्ये पॉवर प्रेसचा ठोका. त्या ठोक्यावर आम्ही पाढे म्हणत असू. अण्णांची इच्छा, मी आय.टी.आय.ला जावे. मला मात्र त्यांच्या कपड्यांचा तेलकट वास आवडत नसे. मी कॉमर्सला गेलो, बँकेत चिकटलो, आणि पांढऱ्या सदऱ्यावर शाईचाही डाग पडू न देता अडतीस वर्षे काढली.

अण्णांनी मोटार घेतली ती १९८६ साली. बारा वर्षांची जुनी, १९७४ची प्रीमियर पद्मिनी. रंग आकाशी, नंबर जुन्या पद्धतीचा. तिची कुळकथा अनेकांना ठाऊक असेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. १९५० नंतरच्या दशकात तिथे इटलीची फियाट ११०० तयार होऊ लागली. पुढे तिचेच नाव प्रेसिडेंट झाले आणि १९७४ साली पद्मिनी. चार सिलिंडरचे, १०८९ सी.सी.चे इंजिन, आणि गिअरची दांडी स्टेअरिंगलाच लावलेली. नवी गाडी हवी असली तर लोक वर्षानुवर्षे यादीत नाव लावून बसत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत जो बसला आहे, त्याला ही गाडी वेगळी सांगायला नको. त्यांतली शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली.

"या गाडीत माझ्या हातचा एखादा बुश असेल," असे अण्णा गाडी घेतल्यावर म्हणाले होते. त्यांच्या कारखान्यातला काही माल कुर्ल्याला जात असे. आम्ही हसलो. कोणता बुश, ते काही ते सांगू शकत नव्हते.

नव्वदीच्या दशकात कारखाना बंद पडला. अण्णांनी मिळालेल्या पैशांतून घरामागच्या पडवीवर पत्रे घातले, एक शेगडा बसवला, भिंतीवर पाने आणि कानशी ओळीने लावल्या, आणि मध्ये गाडी उभी केली. त्या पडवीला आम्ही गमतीने 'रोड नंबर शून्य' म्हणत असू. २००९ पर्यंत गाडी चालली. मग अण्णांची नजर अधू होऊ लागली, मला माझी नवी गाडी आली, आणि पद्मिनी चार चाकांवर बसून राहिली. टायर जमिनीला टेकले. डिकीत मांजर व्याली.

आता जे सांगायचे ते सांगायला मला आजही जड जाते. २०२१ साली अण्णा डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दोन दिवस इस्पितळात होते. तेव्हा मी एका भंगारवाल्याला बोलावले. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली आणि वजनावर भाव सांगितला. टायर बसलेले असल्यामुळे दुसऱ्या दिवशी क्रेन आणतो म्हणाला. संध्याकाळी अण्णा घरी आले, डोळ्यावर हिरवी पट्टी. त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. निदान तसे मी समजत होतो. रात्री पाणी प्यायला उठलो, तर पडवीत दिवा. अण्णा खिळ्यावरची गाडीची किल्ली चाचपून काढत होते. ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली आणि माझ्याजवळून न बोलता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी क्रेनवाल्याला परत पाठवले. किल्ली मात्र खिळ्यावर परत आली नाही. सदरा बदलला तरी ती या खिशातून त्या खिशात जाई.

२०२४ च्या जूनमध्ये मी निवृत्त झालो. अण्णांची दृष्टी तोवर काचबिंदूने जवळजवळ गेली होती. उजेड आणि सावली एवढेच कळे. निवृत्तीच्या समारंभात मिळालेली शाल घरी येऊन मी घडी घालून ठेवली आणि म्हणालो, "अण्णा, गाडी चालू करू या."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुला पाना धरता येतो का?"

"नाही."

"मग बरं. चुकीचा धरायची सवय तरी नसेल."

अशा रीतीने साठाव्या वर्षी मी उमेदवारीला लागलो. हात माझे आणि कान अण्णांचे, अशी आमची भागीदारी ठरली. माझी मुलगी सोळा झेडवरच्या एका आय.टी. पार्कात संगणकावर काम करते. तिने पहिल्याच दिवशी विचारले, "आजोबा, रंग कोणता द्यायचा?" अण्णा म्हणाले, "रंग शेवटी. आधी आवाज."

इंजिन जाम झाले होते. अण्णांच्या सांगण्यावरून मी चारही प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण ओतले आणि आठ दिवस तसेच ठेवले. नवे टायर बसवून, चौथा गिअर टाकून आम्ही गाडी वीतभर पुढे, वीतभर मागे हलवत राहिलो. मी ढकलत होतो आणि अण्णा बॉनेटला कान लावून उभे होते. तिसऱ्या दिवशी आतून एक बारीक सुस्कारा आल्यासारखे झाले. "सुटलं!" अण्णा म्हणाले. मला तर काहीच ऐकू आले नव्हते.

पेट्रोलच्या टाकीतून पसाभर गंज निघाला. साखळीचा तुकडा आत टाकून टाकी हलवून हलवून धुतली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलला. चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्यांची सिलिंडरे गंजून चिकटली होती. सुटे भाग शोधायला मी कुर्ल्याच्या जुन्या बाजारात सात-आठ खेपा घातल्या. ज्या कुर्ल्यात ही गाडी सबंध तयार झाली, तिथे आज तिची आतडी सुटी सुटी मिळतात. आणि ज्या जागेवर कारखाना होता तिथे कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत.

गेल्या वर्षी खंडेनवमीला पडवीत पाने, पकडी, कानशी मांडून झेंडू वाहिला. अण्णांनी खिशातली किल्ली काढली, स्वतःच चाचपून लावली आणि फिरवली. इंजिन खोकले, थांबले, पुन्हा खोकले, आणि एकदम बोलू लागले. पडवी निळ्या धुराने भरली. ही पदराने नाक झाकत आतून धावत आली. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. अण्णांनी हात वर करून आम्हाला गप्प केले. "तिसऱ्याचा टॅपेट सैल आहे," ते म्हणाले. इंजिन बंद झाल्यावर किल्ली पुन्हा खिशात गेली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. पुढचे उजवे चाक हाताने हलवले की 'टक' असा आवाज येई. किंगपिनचा बुश गेला होता. कुर्ल्याहून नवा संच आणला, तर तो बुशच आत सैल! बुश ज्या घरात बसतो ते घरच झिजून मोठे झाले होते. बाहेरून चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश, जाड असलेला बुश हवा होता. तो बाजारात मिळणे शक्यच नव्हते. तो कातूनच घ्यायला हवा.

"त्यात काय," अण्णा म्हणाले, "इस्टेटीत जा. अर्ध्या तासाचं काम."

त्या अर्ध्या तासाच्या कामासाठी मी नोव्हेंबरभर इस्टेट पालथी घातली, आणि ज्या गावात जन्म काढला ते गाव प्रथमच पाहिले. बावीस नंबरच्या बाजूने सुरुवात केली. जिथे शेडी होत्या तिथे काचेच्या इमारती, त्यांच्या दाराशी पहारेकरी वहीत नाव लिहायला लावून विचारी, "कोणत्या कंपनीत?" मी खिशातला झिजलेला बुश दाखवी. काही कारखाने अजून चालू होते आणि उत्तम चालू होते. एका ठिकाणी संगणकावर चालणारी यंत्रे पाहिली. एक तरुण मुलगा बटण दाबी आणि आत दुधासारख्या पाण्याच्या धारेखाली सुटा भाग आरशासारखा होऊन बाहेर पडे. मालक सभ्य होता. म्हणाला, "ड्रॉइंगची फाइल द्या, करून देतो. पण कमीत कमी पाचशे नग." मुलीने रात्री बसून फाइल करून दिली. पण चारशे नव्व्याण्णव बुशांचे मी काय करणार होतो? एक नग करायला कोणी तयार नव्हते. त्यांचेही चूक नव्हते. एका नगासाठी यंत्र मांडणे त्यांना परवडत नाही. जगाला आता एकाची गरज उरलेली नाही.

शेवटी एका चहावाल्याने सांगितले, "त्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारा लेथ आहे." म्हातारा लेथ होता, त्यावरचा कारागीर चाळिशीचा, उत्तर प्रदेशातला. गाळा जेमतेम आमच्या पडवीएवढा. शेजारचे तिन्ही गाळे रिकामे. मी अण्णांबद्दल सांगितले. त्याने ते नाव कधी ऐकले नव्हते. जुना बुश त्याने बोटांत फिरवला, मायक्रोमीटर लावला, गनमेटलचा गज चकमध्ये धरला आणि काम सुरू केले. पिवळे चमकते कीस उडू लागले. माझ्या सदऱ्यावर तेलाचे शिंतोडे पडले आणि तो वास आला. लहानपणी अण्णा दारात उभे राहिले की यायचा तोच. मी बाजूला झालो नाही. त्याने तीनशे रुपये मागितले. मी पाचशे दिले, तर दोनशे परत केले.

घरी येऊन बुश अण्णांच्या हातात ठेवला. त्यांनी तो अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हळूहळू फिरवला, नखाने कड तपासली, आणि म्हणाले, "कोणी केला?"

"आहे एक माणूस."

"हात चांगला आहे. एक थाऊ जास्त ठेवलाय, मुद्दाम. दाबून बसावा म्हणून." मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला शिकाऊ पोरगा आहे का रे?"

मी गाळा आठवून पाहिला. "नाही, अण्णा. एकटाच असतो."

अण्णांनी बुश माझ्या हातात परत दिला. त्या संध्याकाळी ते फारसे बोलले नाहीत.

मे महिन्याच्या कोरड्या हवेत पत्र्याचे काम झाले. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, लांबी भरली, काचकागदाने घासघासून हात सोलले, आणि मग रंग. मुलीला लाल हवा होता. अण्णांनी एवढेच विचारले, "आकाशी मिळत नाही का आता?" आकाशी मिळाला.

कागदपत्रांच्या वेळी एक प्रश्न आला. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. वेगळा नंबर मिळतो, त्यात 'व्ही.ए.' ही अक्षरे येतात. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची नोंदणी. मला मोह झाला. पण त्यात एक अट आहे. अशी गाडी प्रदर्शनाला, फेरीला नेता येते. रोजच्या वापराला नाही. अण्णांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे पेन्शनीत काढायची तिला? अजून भाजी आणील ती." तेव्हा रीतसर तपासणी करून, विलंबाचा दंड भरून साध्या नोंदणीचेच पाच वर्षांसाठी नूतनीकरण केले. नंबर जुनाच राहिला.

पावसात नवा रंग बाहेर काढायचा नाही, असा अण्णांचा हुकूम होता. म्हणून पहिली फेरी निघाली ती यंदा दसऱ्यानंतरच्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता. अण्णा माझ्या शेजारी, ही आणि मुलगी मागे. मुलीने त्यासाठी अर्धा दिवस रजा टाकली होती. अण्णांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. श्रीनगरातून उतरून आम्ही इस्टेटीत शिरलो. मी स्टेअरिंगवरचा गिअर घाबरत घाबरत टाकत होतो. रिक्षावाले वाट देत होते, एकाने तर चक्क सलाम ठोकला.

अण्णांनी काच खाली केली होती. वळणे मोजून ते रस्ते ओळखत होते. "हा सोळा. आता डाव्या हाताला प्रेस शॉप." मी काही बोललो नाही. डाव्या हाताला निळ्या काचेची सात मजली इमारत होती. थोडे पुढे गेल्यावर ते म्हणाले, "एवढं शांत कसं? आज सुट्टी आहे का रे?"

मागच्या बाकावर हालचाल झाली. मुलीने तिचे ऑफिस असलेली इमारत मागे पडताना पाहिली आणि माझ्याकडे आरशातून पाहिले.

"नाही, अण्णा. मंगळवार आहे."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी गाडी त्या टोकाच्या गल्लीकडे वळवली. ठरवून वळवली असे म्हणवत नाही, हात वळले. गाळ्याचे शटर अर्धे वर होते. आतून एक बारीक, कापरी शीळ ऐकू येत होती.

"थांब," अण्णा म्हणाले. मी इंजिन बंद केले. त्यांनी मान तिरकी केली. "पार्टिंग चाललंय. टूल थोडं खाली धरलंय त्यानं." मग हसले. "पण हात चांगला आहे."

मुलगी पटकन उतरली आणि शटरखालून वाकून आत गेली. थोड्या वेळाने परत आली तेव्हा तिच्या तळहातावर पिवळ्या किसाचा एक लांब, न तुटलेला वेटोळा होता. तिने तो आजोबांच्या हातात ठेवला. अण्णांनी तो उलगडून पाहिला, बोटाने त्याची लांबी घेतली आणि तिला विचारले, "यंत्राजवळ गेली होतीस? ओढणी आवरून घेतली होतीस ना?"

"हो, आजोबा. तो म्हणाला, रविवारी ये, दाखवतो."

परतताना खड्ड्यांचा रस्ता लागला. मी जपून चालवत होतो. अण्णा म्हणाले, "जप नको. जाऊ दे खड्ड्यातून." उजवे चाक धाडकन खड्ड्यात गेले आणि वर आले. आम्ही सगळेच श्वास रोखून बसलो होतो. 'टक' झाले नाही.

"बुश बोलत नाही," अण्णा म्हणाले. तीस वर्षे लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी मिळत नसते.

घरी आलो. गाडी पडवीत लावली. अण्णांनी किल्ली काढून घेतली, मी धरायला गेलो तो हात बाजूला सारला, भिंतीवर चाचपडत खिळा शोधला, आणि ती तिथे अडकवली.